तीच जागा, पुन्हा तीच जागा

माझी दाढ काढली तेव्हा ती अगदी चांगली होती. दातांच्या डॉक्टरांनी चमच्यासारख्या आरशाच्या दांड्यानं तिच्यावर दोनदा ठकठक केली आणि म्हणाले, "बाई, हिला काहीच झालेलं नाही." मीच हट्ट धरला. आठवडाभर डाव्या जबड्यात खिळा ठोकल्यासारखी कळ येत होती, शाळेचा जिना चढला की यायची आणि बसलं की जायची. "काढून टाका," म्हटलं. त्यांनी काढली. चूक माझी होती, त्यांची नव्हे.

मी वरवंडच्या शाळेत खेळाची शिक्षिका. वय तेव्हा त्रेचाळीस. सकाळी मुलींच्या आधी मैदानावर हजर, चार फेऱ्या पळून झाल्याशिवाय चहा नाही. आमचं मूळ घराणं मेंढरांमागं फिरणारं. माझ्या जन्माच्या सुमारास वडील दौंडजवळ जमीन कसायला लागले, पण चालण्याची सवय आमच्या पायांतून गेली नाही. मला कधी सलाईनसुद्धा लागलं नव्हतं.

दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी मी पुण्याला खो-खोच्या मुलींसाठी बूट आणायला निघाले होते. केडगाव स्टेशनचा पूल चढताना मध्येच कळ आली. त्याच ठिकाणी. जिथं आता दाढच नव्हती, तिथं.

मी पुलाच्या पायरीवर बसले. घामानं ब्लाउज चिकटला. हिरडीतल्या रिकाम्या खड्ड्यावरून जीभ फिरवत होते आणि मनात एकच चाललं होतं, की इथं तर काहीच नाही, मग दुखतंय काय?

दौंड

माझे यजमान विलासराव दूध संस्थेत सचिव होते. ते मला दौंडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी त्यांनी उजेडात धरून दोनदा पाहिली. मग मला सोडून विलासरावांकडे बघत म्हणाले, "यांना घरी नेऊ नका. इथूनच पुण्याला न्या."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "डॉक्टर, माझ्या छातीत दुखतच नाही."

"बायकांचं कधीकधी जबड्यात दुखतं, पाठीत दुखतं. दुखणं हृदयाचंच असतं."

विलासराव म्हणाले, "अहो पण ही रोज पळते. मीच पळत नाही."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या इस्पितळात मांडीतून नळी घालून फोटो काढले. डोक्याशी टीव्हीसारखा पडदा होता आणि त्यावर माझं हृदय हलत होतं. त्यावरच्या काळ्या रेघा म्हणजे रक्तवाहिन्या. एक रेघ मध्येच सुतासारखी बारीक झाली होती. डॉक्टरांनी बोट ठेवलं. "नव्वद टक्के बंद."

मग त्यांनी विचारलं, "आईवडिलांपैकी कुणाला हृदयविकार?"

"नाही," मी म्हटलं. वडील पन्नाशीच्या आत गेले होते, पण ते ऊन लागून. चैत्रात बांधावर बसले, जबडा धरला, म्हणाले दात ठणकतोय, आणि कलंडले. सगळा गाव म्हणाला, ऊन लागलं.

हे वाक्य मी डॉक्टरांना सांगता सांगता अर्ध्यावर थांबले. पंचवीस वर्षं मी ते असंच सांगत आले होते. माझ्या अंगावर पांढरी चादर होती, खोलीत थंडी होती, आणि वडील कशानं गेले ते मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं.

फुगा

उपाय फुग्याचा. त्याच मांडीतल्या वाटेनं बारीक फुगा न्यायचा, अडलेल्या जागी फुगवायचा आणि वाट मोकळी करायची. स्प्रिंगसारखी जाळी बसवण्याची पद्धत तेव्हा नुकती आली होती, पण माझी वाहिनी तिथं फारच बारीक आणि अगदी फाट्यावर, म्हणून डॉक्टर जाळीला तयार नव्हते.

अर्ध्या तासात झालं. त्रास झाला तो नंतर. उजवा पाय वाकवायचा नाही, मांडीवर वाळूची पिशवी, आणि चोवीस तास पाठीवर. जिनं आयुष्यभर पोरींना "पाय उचला, पाय उचला" म्हणून ओरडून सांगितलं, ती पाय सरळ ठेवून छताकडे बघत होती. भांडं मागायची लाज वाटायची. वॉर्डातल्या आयाबाईंना ते न सांगता कळलं. पडदा ओढून त्या म्हणाल्या, "माझी पोरगी बी तुमच्यासारख्या बाईंच्या हाताखाली शिकलीय. लाजू नका." मग माझे केस विंचरून त्यांनी दोन घट्ट वेण्या घातल्या. त्या इस्पितळातली सगळ्यात चांगली आठवण तीच.

घरी आल्यावर माझा माझ्यावर हक्क राहिला नाही. मीठ गेलं, तेल गेलं, लोणच्याची बरणी माझ्या मुलीनं, मनीषानं, वरच्या फळीवर ठेवली. माझे थोरले भाऊ आप्पा दर दोन दिवसांनी दौंडहून येत आणि ओट्यावर पहारा देत बसत. मी कळशी उचलली की बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "ठिव ती खाली. तुला सांगितलंय न्हाई का?"

मी सगळं पाळलं. एकही गोळी चुकवली नाही. अडीच महिन्यांनी शाळेत रुजू झाले. पळत नव्हते, शिट्टी तेवढी वाजवत होते.

नऊ दिवस

पाचव्या महिन्यात कळ परत आली.

मैदानाच्या कडेनं चालत होते, सावकाश. जबड्यात तोच खिळा. मी लगेच जिभेखाली गोळी ठेवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं. मुलींना कळलं नाही.

मी नऊ दिवस कुणालाच सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला पुढं भेटलेल्या बऱ्याच जणांनी असंच केलं होतं. सांगितलं की ते खरं होणार, असं वाटतं. शिवाय घरातले चेहरे नुकते कुठे हसायला लागले होते. मनीषाची बारावीची परीक्षा सुरू होणार होती.

विलासरावांना गोळ्यांच्या बाटलीवरून कळलं. बाटली हातात घेऊन त्यांनी हलवली. "परवा भरलेली होती."

मी ती त्यांच्या हातातून घेऊन झाकण घट्ट केलं.

"कधीपासून?"

"आठ-नऊ दिवस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "मी रोज तुझ्या शेजारी झोपतोय, शैला. मला कोण समजतेस तू?"

आप्पा आले ते विलासरावांवरच घसरले. "तिला शाळंत जाऊ दिलीच का तुम्ही? पगार बुडत व्हता व्हय?" विलासराव उठून बाहेर गेले. दोघांनी पुढं तीन आठवडे एकमेकांशी शब्द काढला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मला दोघांचीही गरज होती.

"मी काय चुकले?"

पुन्हा टेबल, पुन्हा पडदा. रेघ पुन्हा बारीक. तीच जागा, जणू मधले पाच महिने झालेच नव्हते.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत मी विचारलं, "मी काय चुकले?"

"काही नाही."

हे उत्तर मला सहन झालं नाही. माझी चूक असती तर मी ती सुधारली असती. सुधारणं हा माझा धंदाच.

डॉक्टरांनी कागदावर नळी काढली. "फुग्यानं आपण आतली भिंत दाबतो. तिला जखम होते. जखम भरताना तिथं बारीक गुठळ्या धरतात, भिंत आतून जाड होते आणि वाट परत अरुंद होते. काहींची होते, काहींची होत नाही. कुणाची होणार ते मला आधी सांगता येत नाही."

"मग पुन्हा फुगा मारला तर पुन्हा होईल?"

"होऊ शकतं." त्यांनी कागद उलटला. "एक नवीन प्रकार आहे. रक्त गोठू न देणारं औषध आपण सलाईनमधून देतो तेव्हा ते सगळ्या अंगात फिरतं आणि हव्या त्या जागी थोडंच पोचतं. जास्त दिलं तर दुसरीकडे रक्तस्राव होतो. आता असा फुगा निघालाय की त्याला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं आहेत. त्यातून औषध नेमकं त्या जागी, भिंतीतच मुरवायचं. मी परदेशात हे शिकून आलोय. इथं फार थोड्यांना केलंय. चालेलच असं मी म्हणणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे छाती उघडून बायपास."

'छाती उघडून' हे शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "छिद्रांचा फुगा."

एकच आला

छिद्रांच्या फुग्याची वाट बघत वॉर्डात आणखी एक पेशंट होते, किसनराव. शिरूर तालुक्यातले, वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांना जीपनं ने-आण करायचे. पन्नाशीचे, दांडगे, बोलके. त्यांचीही वाट पहिल्या फुग्यानंतर चार महिन्यांत बुजली होती. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी सिंधूबाई. दोन दिवस आम्ही चौघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली होती.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही घरांना एकत्र बोलावलं. छिद्रांच्या फुग्याच्या मागवलेल्या दोन नळ्यांपैकी एक वाटेतच अडकली होती. एकच आली.



"मी फोटो पुन्हा पाहिले," डॉक्टर म्हणाले. "किसनराव, तुमची वाहिनी घाटातल्या रस्त्यासारखी वळणावळणाची आहे. ही नळी जाड आहे, ती तिथं वळणार नाही. जबरदस्ती केली तर भोक पडेल. तुम्हाला साधा फुगाच ठीक. बाईंची वाहिनी सरळ आहे."

सिंधूबाई उभ्या राहिल्या. "सरळ सांगा की डाक्टर. बाई शिकल्याल्या, त्यांना इदेशी. आमच्या वाट्याला साधा."

"तसं नाही हो."

"मंग दुसरी येईस्तवर थांबा की!"

"थांबण्यात यांना धोका आहे."

किसनराव म्हणाले, "ए, गप बस." त्या गप्प बसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमी कायच बोलना का बाई? तुमाला बी वाटत असंल की आपलं बरं झालं."

मी मान खाली घातली. कारण मला तसंच वाटत होतं. नळी एक आहे हे ऐकल्याक्षणी मी मनात म्हटलं होतं, मला मिळू दे. दोन दिवस ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली त्यांचं काय होईल, हा विचार त्यानंतर आला. बऱ्याच वेळानं आला. आजारपणात माणूस चांगला होतो असं लोक म्हणतात. मी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आधी मला नेलं. पुन्हा मांडीत सुई, पुन्हा तो पडदा. आधी साध्या फुग्यानं वाट उघडली. मग ती छिद्रांच्या फुग्याची नळी गेली. "आता औषध सोडतोय. कळ येईल. बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. कळ आली, जबड्यापासून कोपरापर्यंत. काय बोलावं कळेना, म्हणून मी माझ्या खो-खोच्या नऊ मुलींची नावं घेत राहिले. नववं नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा फुगा उतरवला.

परत नेताना कॉरिडॉरमध्ये किसनरावांचं स्ट्रेचर भेटलं. ते म्हणाले, "झालं का बाई? दुखतं का लई?" मी म्हटलं, "सहन होतं." सिंधूबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

सहा महिने

त्या सहा महिन्यांत माझ्या मनानं एक खेळ केला. मला वाटायचं, माझी ती जागा आता इतरांसारखी नाही. तिथं औषध मुरलंय. जिना चढताना मी छातीवर हात ठेवायची आणि तिथं एक पहारेकरी उभा आहे असं समजायची. कळ आली नाही. आप्पा आणि विलासराव पुन्हा बोलायला लागले, ऊस आणि दुधाविषयी का होईना. मनीषा बारावी झाली. किसनरावांची आठवण आली की मला अपराधी वाटायचं, आणि थोडी दयाही यायची. त्या दयेची मला आज लाज वाटते.

सहा महिन्यांनी तपासणी. दोघांनाही लागोपाठच्या दिवशी बोलावलं होतं.

आधी पळत्या पट्ट्यावर चालायचं होतं. मी मनात म्हटलं, हे तर माझं मैदान. चौथ्या मिनिटाला यंत्रावर बसलेल्या मुलीनं पट्टा थांबवला. मी म्हटलं, "अहो, मला काही होत नाहीये." ती कागद घेऊन आत गेली. दुपारी पुन्हा मांडीतून नळी.

मी पडद्याकडं बघत होते. रंग सोडला. काळी रेघ उतरली, उतरली, आणि त्याच फाट्यावर सुतासारखी झाली.

डॉक्टरांनी मास्क खाली केला. ते काही बोलण्याआधीच मी म्हटलं, "तीच जागा."

"हो."

"पण औषध तर तिथंच दिलं होतं."

"दिलं होतं. पोचलंही होतं." त्यांनी पडद्याकडं पाहिलं. "मला वाटलं होतं, नेमकं तिथं पोचलं की काम होईल. नाही झालं. का नाही, ते मला सांगता येणार नाही, बाई."

मला रडू आलं नाही.  इतके महिने जो पहारेकरी मी उभा केला होता, तो कधीच तिथं नव्हता.

बाहेर बाकावर किसनराव बसले होते. त्यांचं आदल्या दिवशी झालं होतं. त्यांची वाहिनी, साध्या फुग्यानं उघडलेली, काल केल्यासारखी स्वच्छ होती. विलासरावांनी त्यांना माझं सांगितलं असावं, कारण माझं स्ट्रेचर आलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि तसेच राहिले.

"बाई, हे असं कसं वो?" ते म्हणाले. "उलटंच झालं की."

सिंधूबाईंनी तोंडावर पदर धरला होता. त्यांचे डोळे मला दिसत होते. त्यांना आनंद झाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण त्या डोळ्यांत मला नुसती भीती दिसली. विलासराव शेजारी येऊन माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिले.

"छाती उघडायची कधी?" सिंधूबाईंनी विचारलं.

विलासरावांनी वार सांगितला.

छाती

बायपासचं मी फार सांगणार नाही. ज्याची मला सगळ्यात भीती होती ते माझ्या नकळत झालं, झोपेत. जाग आली तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं आणि आप्पा काचेपलीकडं हात जोडून उभे होते, माझ्याकडं बघत की देवाकडं, ते कळलं नाही. त्यांच्या खांद्यावर विलासरावांचा हात होता. ते बघून मी पुन्हा डोळे मिटले.

मग उशी छातीशी धरून खोकणं. फुंकायची नळी, तिच्यातले चेंडू वर न्यायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. नर्स म्हणाली, "खेळाच्या बाई ना तुम्ही?" तिचा राग आला आणि एक चेंडू वर गेला.

जे आत्ता या वाटेवर आहेत त्यांना मला सांगायचं आहे ते थोडंच आहे. दुखणं छातीबाहेर असलं तरी दाखवा. परत आलं तर लपवू नका. वाट पुन्हा बुजली तर आपलं काय चुकलं याचा शोध रोज रोज घेऊ नका, मी घेतला आणि काही सापडलं नाही. आणि डॉक्टर "मला माहीत नाही" म्हणाले तर घाबरू नका. मला त्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास त्या वाक्यानंतर बसला. छिद्रांच्या फुग्याबद्दल मला राग नाही. कुणीतरी करून बघायला हवं होतं, ते माझ्या वाट्याला आलं.

पाचव्या दिवशी विलासरावांनी एक गोष्ट सांगितली. ऑपरेशनला रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या, त्यांच्या बदली नातेवाइकांनी रक्त द्यायचं होतं. विलासरावांनी दिलं, शाळेतल्या दोन शिक्षकांनी दिलं. आप्पांना साखर, त्यांचं घेतलं नाही. एक कमी पडत होती.

"मग?"

"सकाळी जीप आली शिरूरकडून. किसनराव आणि सिंधूबाई. किसनराव म्हणाले माझं घ्या. त्यांना गोळ्या चालू, त्यांचं कसं घेणार? मग सिंधूबाईच पुढं झाल्या. वजन करायच्या काट्यावर चप्पल घालून उभ्या राहिल्या, नर्सनं चप्पल काढायला लावली. काठावर भरलं वजन. दिलं त्यांनी."

 दोन दिवसांनी मी विलासरावांना म्हटलं, मला फोन करायचाय. त्यांच्या गावात किराणा दुकानात एक फोन होता, निरोप दिला की बोलावून आणायचे. मला खुर्चीवर बसवून कॉरिडॉरमधल्या फोनपाशी नेलं. दुकानदारानं हाक मारली, ती मला इकडं ऐकू आली. मग धावत आल्यासारखा श्वास.

"कोन? बाई? मोठ्यानं बोला, हितं गिरणी चालूय."

मला मोठ्यानं बोलता येत नव्हतं. छातीचं हाड तारेनं बांधलेलं. म्हटलं, "सिंधूबाई, तुम्ही रक्त दिलंत. मला परवा कळलं."

"व्हय. दिलं की. चक्करबिक्कर काय आली न्हाई. बिस्किटाचा पुडा दिला त्यांनी."

"सिंधूबाई, त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मी..."

"त्ये काढू नका आता." त्यांनी मला तिथंच तोडलं. "त्या दिशी मी भ्याले व्हते. तुमी बी भ्याला व्हता. तवा कोन शानं व्हतं तितं?"

गिरणीचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रडलं की छातीत कळ यायची, म्हणून मी तोंड उघडून श्वास घेत होते.

"बाई, हाईत का?"

"आहे."

"चालाय लागला का?"

"आज वॉर्डाच्या दारापर्यंत गेले."

"मंग उद्या दाराच्या भाईर जावा," सिंधूबाई म्हणाल्या. "ठेवते. लोकं खोळंबल्याती फोनला."